मथुराच्या हाताला तेरा बोटं

"जरा मोठं पापलेट दाखव," मी म्हटलं. मथुराने समोर मांडलेल्या पापलेटावर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून ठेवलं आणि दोन्ही अलगद फाकवली. मोबाइलमधला फोटो मोठा करताना आपण करतो ना, अगदी तसं. पापलेट होतं तेवढंच राहिलं.

"अगं बाय," स्वतःच्याच बोटांकडे बघत ती म्हणाली, "मी ह्या कं केला?"

शेजारच्या ओट्यावरची द्रौपदी हसून हसून बेजार झाली. मीही हसले. मथुरा मात्र हसली नाही. तिने बर्फाखालून मोठं पापलेट काढलं, कापलं, पिशवीत भरलं आणि माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "ताई, सोमवारची अंधेरीला जाते ना मी, तवापासून माझा हात माझा आयकत नाय."

अंधेरीचं काय प्रकरण आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षभरात ते तिने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. थोडी भर तिच्या सुनेने, नेत्राने घातली. आणि अगदी अलीकडे मी स्वतःच एकदा तिच्याबरोबर तिथे गेले. मला समजलं तेवढं सांगते. सगळं समजलं असं काही मी म्हणणार नाही.

मथुरा गोराईच्या कोळीवाड्यातली, वय छप्पन्न. नवरा तुळशीदास पूर्वी स्वतःची होडी घेऊन जायचा, आता गुडघे गेले म्हणून अंगणात बसून जाळी विणतो, दुरुस्त करतो. मथुरा रोज टोपल्या घेऊन खाडी ओलांडते, बोरिवलीच्या धक्क्याला उतरते आणि रिक्षाने मार्केटला येते. एकोणीस वर्षं मी तिच्याकडून मासे घेते आहे. मासा हातात घेतला की तो किती भरेल हे ती क्षणात सांगते, आणि कुणाला शंका आली तर जुन्या लोखंडी काट्यावर टाकून दाखवते. बोलायला फटकळ. भाव पाडून मागणाऱ्याला ती बारीक, स्वस्तातली मांदेली घ्यायचा सल्ला देते.

दीड वर्षापूर्वी मार्केटची इमारत नवी झाली. पांढऱ्या टाइल्स आल्या, नळ आले, आणि तीन महिन्यांच्या चाचणीसाठी प्रत्येक ओट्यावर एकेक नवा काटा आला. त्याला एकही बटण नव्हतं. समोर नुसती काच, काचेवर माशांची चित्रं. चित्राला बोट लावायचं, मासा ताटलीत ठेवायचा, की वजन दिसायचं आणि चिठ्ठी बाहेर यायची. अंधेरीच्या एका कंपनीने तो बनवला होता. शिकवायला मुलुंडची मानसी नावाची इंजिनीअर आली होती, अठ्ठावीसेक वर्षांची, बारीक, भराभर बोलणारी. तिने कोरड्या हातांनी सगळं करून दाखवलं. सगळ्या कोळणींना ते झकास वाटलं.

दुसऱ्या दिवशी मासे आले, बर्फ आला, पाणी आलं, आणि काट्यांची वाट लागली. काचेवर थेंब उडाला की काच आपोआप कुठलंतरी चित्र दाबायची. द्रौपदीचा काटा प्रत्येक माशाला कोळंबी म्हणायला लागला. दोन दिवसांत बऱ्याच जणींनी त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून जुना काटा बाहेर काढला. मथुरा हट्टी, तिने पिशवी घातली नाही. आणि एका रविवारी भर गर्दीत तिच्या काचेवरची सगळी अक्षरंच बदलली. तिला एकही वाचता येईना. रांगेतले एक गृहस्थ पुढे वाकले आणि खूश होऊन म्हणाले, "अरे, ही तर तामीळ!" मग ते गृहस्थ तासभर तिथे उभं राहून तिला काय काय लिहिलंय ते हिंदीत सांगत होते. मथुराने त्यांना जाताना दोन बोंबील वर घातले.

सोमवारी मार्केट थंड असतं. त्या दिवशी मानसी आली, काट्याला लॅपटॉप जोडून बसली, आणि मान वर न करता तिने विचारलं,

"मावशी, काल सकाळी तुम्ही काय करत होतात?"

"मी? सुरमई कापीत होते."

"कारण ह्याच्यात नोंद आहे, की काल सकाळी सात ते अकरा ह्या काचेला एक्केचाळीस हजार वेळा बोट लागलं."

मथुराने आपल्या हातांकडे बघितलं. मग द्रौपदीकडे बघितलं. "एक्केचालीस हजार?"

"बाकी कुणाच्याही काट्यावर इतके नाहीत. मावशी, मला तुमचे हात पाहिजेत."

हे ऐकून मथुरा घाबरली. मानसीला म्हणायचं होतं की दर सोमवारी अंधेरीला आमच्या ऑफिसात या, आम्ही तुमच्या हातांवर काच तपासू, गाडी पाठवू, दिवसाची मजुरी देऊ. ते तिने नीट सांगितलं तेव्हा मथुराची भीती गेली आणि गोंधळ सुरू झाला. घरी जाऊन तिने तुळशीदासला सांगितलं तर तो विणता विणता थांबला.

"हात लावायची मजुरी? कशाला लावायचा?"

"काचेला."

"मग?"

"मग काय नाय. लावायचा."

तुळशीदासने थोडा विचार केला आणि म्हणाला, "जा. पन कोऱ्या कागदावर अंगठा नको देव."

ऑफिस एमआयडीसीत तिसऱ्या मजल्यावर होतं. मोठ्या टेबलावर एक काळी काच आडवी ठेवली होती, पाटाएवढी. मानसीचा वरिष्ठ सर्वेश तिथे उभा होता, गोरा, चष्मा, हातात सतत कॉफी. त्याने मथुराला मिठाच्या पाण्यात हात बुडवून काचेवर दहाही बोटं टेकवायला सांगितली. तिने टेकवली. प्रत्येक बोटाखाली एक पिवळं वर्तुळ उमटलं. मथुरा खूश झाली, रांगोळीचे ठिपके पडावेत तशी ती वर्तुळं होती. मग तिने मोजली.

"तेरा."

"हो," सर्वेश म्हणाला, "तोच प्रॉब्लेम आहे."

मथुराने हात उचलून बोटं मोजली. दहा. पुन्हा टेकवली. पुन्हा तेरा. तीन वर्तुळं तिच्या डाव्या मनगटापाशी, जिथे तिचं बोटच नव्हतं.

"ही तीन कोनाची?" तिने विचारलं.

सर्वेशने समजावून सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याला समजावायला आवडायचं. काचेखाली तारांची जाळी असते, दिसणार नाही इतकी बारीक. तिच्यात नावापुरती वीज असते. आपलं बोट जवळ आलं की त्यातली किंचित वीज बोट ओढून घेतं, आणि जाळीला कळतं की इथे कुणीतरी आहे. पण खारं पाणीही तसंच ओढतं. म्हणून थेंब पडला की जाळीला वाटतं, आलं बोट.

"जाला हाय?" मथुराने एवढंच पकडलं. "भोक केवढा?"

"चार-पाच मिलिमीटर."

"म्हंजे मांदेलीचा जाला." तिने मान हलवली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पन जाल्यात पानी कसा अडकला? पानी तर जातं ना पार."

सर्वेशने कॉफीचा घोट घेतला. मानसी हसली.

त्याने तिला जुन्या काचांबद्दलही सांगितलं. आधीच्या पडद्यांना एकच बोट कळायचं, तेही जोराने दाबलं तर. दोन ठिकाणी दोन बोटं ठेवली तर ते बिचारे पडदे गोंधळायचे आणि दोन्हींच्या मधली जागा धरायचे, जिथे कुणी हात लावलेलाच नसायचा. मग दहा बोटं वेगवेगळी ओळखणाऱ्या काचा आल्या, मोबाइल आले, लहान पोरं फोटो फाकवायला लागली. आता काचेला ओला हात आणि नुसतं पाणी ह्यांतला फरक शिकवायचा, तेवढं राहिलंय.

मथुरा घरी आली ती हे सगळं डोक्यात घेऊन. तिने तुळशीदासला सांगितलं, "काचेला माझी तेरा बोटं दिसतात."

तुळशीदास हसला. मग जरा वेळाने त्यानेच विचारलं, "सुकल्यावर?"

"सुकल्यावर दहा."

"बरा तर," तो म्हणाला, पण त्या दिवशी जेवताना तो दोनदा तिच्या हाताकडे बघत होता, असं नेत्राने मला सांगितलं.

दर सोमवारी ती जायला लागली. जाताना मासे न्यायची, कारण नुसत्या मिठाच्या पाण्याने खरं काही कळत नाही असं मानसीचं म्हणणं होतं. मथुरा बोंबील कापायची, तसेच हात काचेला लावायची, मग कोळंबी सोलायची, पुन्हा लावायची. दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसातल्या लोकांनी वासाची तक्रार केली, तेव्हा सगळा पसारा तळमजल्यावर, पार्किंगच्या कडेच्या खोलीत हलवला गेला. तिथे मथुराला बरं वाटायचं. लादी होती, नळ होता.

तेरा वर्तुळांची बारा झाली, मग अकरा. पण मध्येच वेगळा गोंधळ सुरू झाला. ओल्या हाताने एका बोटाचा भरवसा नाही म्हणून सर्वेश आणि मानसी दोन बोटांच्या, तीन बोटांच्या खुणा करून बघत होते. दोन बोटं फाकवली की चित्र मोठं. तीन बोटं खाली ओढली की मागचं पान. मथुरा शिकायची, घरी भिंतीवर करून बघायची, आणि पुढच्या सोमवारी सगळं बदललेलं असायचं.

"मागल्या सोमवारी तीन बोटांनी मागं जायचा होता," ती मानसीला म्हणाली. "आज तीन बोटं लावली तर सगला पुसला. मी हाताला सांगू तरी कं?"

"सॉरी मावशी, ते आम्हीच बदललं."

"कनाला?"

"कारण... आम्हालाही अजून माहीत नाही कुठलं बरोबर ते."

हे उत्तर मथुराला धक्का देऊन गेलं. तिला वाटत होतं की बरोबर काय ते ह्या लोकांना माहीत आहे, आपणच शिकायला कमी पडतोय. ह्याच दिवसांत तिने माझ्या पापलेटावर बोटं फाकवली. तिची आणखी फजिती झाली ती घरी. नातवाची पाटी बघताना तिने तीन बोटं खाली ओढली आणि पान कसं मागे जात नाही म्हणून बघत राहिली. नेत्रा म्हणते की आम्ही तेव्हा हसलो, पण आईंचा चेहरा बघून मग नाही हसलो.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. काच थेंबांना फसेनाशी झाली, दहाची दहा वर्तुळं यायला लागली, आणि तरी मथुराने केलेलं वजन चुकायचं. ती सुरमईच्या चित्राला बोट लावायची, बरोबर सुरमई उमटायची, आणि पुढच्या क्षणी सगळं उडून जायचं. सर्वेशने कॅमेरा लावला तेव्हा कळलं. बोट लावून झालं की मथुरा तळहाताच्या कडेने काच पुसत होती, आणि काचेला ती नवी खूण वाटत होती. दर वेळी. तिला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

"मावशी, पुसू नका," सर्वेश म्हणाला.

"घान झाली ना."

"असू दे. काम झाल्यावर पुसा."

तिने प्रयत्न केला. पाच मिनिटांनी हात आपसूक फिरला. तिने उजवा हात पदरात गुंडाळून डाव्याने बोट लावलं, तर डाव्या हाताने पुसलं. दुपारपर्यंत असंच चाललं. तीनदा, चारदा, नऊदा सर्वेश "नका पुसू" म्हणाला, आणि दहाव्यांदा तो मानसीकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलला. मथुराला शब्द कळले नाहीत. सूर कळला.

ती उठली, नळाखाली हात धुतले, कोयता फडक्यात गुंडाळला.

"चालीस वरसं ह्याच हातांवर घर चालवला मी," ती म्हणाली. "आज तुमची काच सांगते, हात चुकतो."

गाडी येईपर्यंत ती फाटकापाशी उभी राहिली. मानसी मागे आली, काहीबाही बोलत होती, मथुरा तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिली. पुढचे दोन सोमवार ती गेली नाही. मार्केटमध्ये भाव पाडून मागणाऱ्यालाही ती मागेल त्या भावाने मासे द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "ताई, मना कलत नाय. राग त्यांचा आला का माझा, त्या पन कलत नाय."

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मानसी स्वतः गोराईला गेली. खाडीच्या बोटीत ती पहिल्यांदाच बसत होती, उतरताना तिचा एक बूट चिखलात गेला. ती दारात आली तेव्हा मथुरा अंगणात वाकट्या, लांबट चपटे मासे, सुकत घालत होती. तिने "ये पोरी" म्हटलं, पाणी दिलं, पाय धुवायला लावले. माफी मागायला आलेल्या मुलीला तिने बोलूच दिलं नाही, आधी जेवायला बसवलं.

मानसीने मला नंतर सांगितलं, की ती जेवत होती आणि मथुराकडे बघत होती. मथुराने वाढण्याआधी पाट पुसला. तळहाताची कडा, डावीकडून उजवीकडे, एकच लांब हात. मग नातवाच्या तोंडाचं सार पुसलं, तसंच. मग बाहेर जाऊन वाकट्यांची फळी पुसली, तसंच. बोटं कुठेच लागत नव्हती, ती वर उचललेली असायची. कधी मागे-पुढे नाही, कधी गोल नाही. "मावशी," मानसी भात हातात तसाच ठेवून म्हणाली, "तुम्ही नेहमी असंच पुसता?"

"मग कसा पुसायचा? बोटांनी पुसला तर काटा लागतो, खवला लागतो. आईने तसाच शिकवला."

मानसीने परवानगी मागून मोबाइलवर तिच्या पुसण्याचा व्हिडिओ काढला. तुळशीदास जाळं बाजूला ठेवून बघत होता. बायकोच्या हाताचा कुणी असा व्हिडिओ काढताना त्याने कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मथुरा गेली. काच तीच होती. तिने बोट लावलं, सुरमई आली. तिचा हात पुसायला फिरला आणि मध्येच अडखळला.

"पुसा, मावशी," मानसी म्हणाली.

तिने पुसलं. काच क्षणभर मंद झाली, हात उचलल्यावर पुन्हा उजळली. सुरमई तिथेच होती, वजन तिथेच होतं. मथुराने परत पुसलं. चार-पाच वेळा पुसून बघितलं, मग सर्वेशकडे बघितलं. त्याची कानशिलं लाल झाली होती. "आता काचेला कळतं," तो म्हणाला, "की हाताची कडा अशी फिरली म्हणजे काही सांगायचं नाहीये, पुसायचंय. तेवढा वेळ ती डोळे मिटते. त्या दिवशी मी... तुमचा हात चुकत नव्हता. माझं चुकलं."

"असू दे रे बाबा," मथुरा म्हणाली. पण तिला नक्की काय झालं ते समजलं नव्हतं. आपण काहीच बदललं नाही आणि काम झालं कसं, हे ती मला आठवडाभर विचारत होती. मला जमेल तसं मी सांगितलं. माझंही सांगणं तिला पटल्यासारखं दिसलं नाही.

त्यानंतर एक कागद आला. मथुराच्या हातांच्या नोंदी कंपनीला वापरू द्यायची परवानगी, असा काहीसा तो होता, मराठीत होता, पण मराठी असूनही कळत नव्हता. तुळशीदासचं म्हणणं आठवून तिने तो घरी आणला आणि नेत्राने मोठ्याने वाचला.

"ह्याच्यात तुमचं नाव सहीपुरतंच हाय, आई. बाकी सगलीकडे लिहिलंय, सहभागी क्रमांक चार."

"चार? मग एक, दोन, तीन कोन?"

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मथुराला राहवेना. पुढच्या सोमवारी तिने पहिला प्रश्न तोच विचारला. मानसीने सांगितलं, एक जण मूर्ती रंगवणारे कारागीर होते, त्यांच्या बोटांना रंगाचा थर असायचा. एक डायलिसिस सेंटरमधल्या नर्स, कायम हातमोजे. आणि तिसऱ्या एक मेंदी काढणाऱ्या बाई. प्रत्येकापाशी काच वेगळ्या कारणाने अडायची.

"आनि त्यांचा पन काय घेतला का तुमी? पुसण्यासारखा?"

मानसीने समोरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "मावशी, पुसण्याच्या खुणेचा कंपनी हक्क नोंदवतेय, पेटंट. मी तुमचं नाव घाला म्हटलं. वकील म्हणाले, ज्याने काचेला ते शिकवलं त्याचंच नाव येतं. माझं आणि सर्वेश सरांचं आहे. मला ते बरोबर वाटत नाही, पण मी काय करू मला कळत नाहीये."

 मथुरा नंतर मला म्हणाली, की तिला राग यायला हवा होता, आणि ती रागाची वाट बघत बसली, पण तो आलाच नाही. "ताई, माझा नाव घातला तर आईचा? आनि द्रौपदीचा? सगल्या कोलनी असाच पुसतात." तिने सही केली, त्याआधी मानसीकडून एक गोष्ट कागदावर लिहून घेतली, की ज्यावर आपलं नाव येत नाही त्या कागदांची एक प्रत आपल्या घरी हवी. त्याप्रमाणे मानसीने तिला एक जाड बाड छापून दिलं, इंग्रजीत, त्यात हाताच्या कडेची रेघांनी काढलेली चित्रं आहेत. नेत्राने ते देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवलं आहे. तुळशीदास आलेल्या-गेलेल्याला त्यातली चित्रं दाखवतो आणि म्हणतो, "हा हात हिचा."

नवे काटे मार्केटला गेल्या दिवाळीनंतर आले. द्रौपदीने पहिल्याच दिवशी बोट लावलं, पुसलं, आणि काही बिघडलं नाही तेव्हा म्हणाली, "ह्या बरा हाय गो." मथुराने तिला सांगितलं, की हे पुसणं माझ्या हातावरून घेतलंय. द्रौपदीने तिच्याकडे बघितलं. "तुझ्या? मी पन असाच पुसते की." आजूबाजूच्या ओट्यांवरच्या चौघींनीही तसंच म्हटलं. मथुराने वाद घातला नाही. ती त्यांना पुसताना बघत राहिली, एकीकडून दुसरीकडे, आणि मला म्हणाली, "बरोबर हाय त्यांचा. मग मी दर सोमवारी करीत कं होते तितं?"

ह्या मार्चमध्ये मानसीचा पुन्हा फोन आला. नवी काच आली आहे, मावशी, एकदा या. मथुराने मला बरोबर यायची गळ घातली, "तू शिकलेली हायस, तुला कललं तर मना सांग." मला काही कळेल अशी आशा नव्हती, पण कुतूहल होतं, म्हणून गेले.

खोली तीच, पार्किंगच्या कडेची. सर्वेश ती नोकरी सोडून बंगळुरूला गेला होता. मानसी एकटी होती, थोडी जाड झालेली, आणि तिच्यासमोर साधी, गुळगुळीत, रिकामी काच. "आतापर्यंत काचेला आपला हात कळायचा," ती म्हणाली, "आता हाताला काच कळेल का ते बघतोय. अजून नीट नाही जमलेलं. मावशी, एक बोट ठेवा आणि हळू सरकवा."

मथुराने बोट ठेवलं, सरकवलं, आणि चटका बसावा तसा हात ओढून घेतला.

"खवला हाय!"

तिने काचेकडे वाकून बघितलं. काही नव्हतं. मीही बोट फिरवलं. डावीकडे काच गुळगुळीत लागली, आणि मध्यावर आल्यावर बोटाखाली बारीक बारीक धारा लागायला लागल्या, एकावर एक चढलेल्या. बोट उलट फिरवलं की त्या निसटायच्या. मी बोट उचललं, काचेवर श्वास सोडून पुसून बघितलं. सपाट. मानसी सांगत होती की काचेची पकड विजेने कमीजास्त केली की कातडीला खरबरीत वाटतं, प्रत्यक्षात तिथे उंचवटा नसतो. मी मान हलवत होते.

मथुराने परत बोट ठेवलं. डोळे मिटले. आधी एक बोट, मग तीन, मग सगळा पंजा.

"कुठला मासा आहे, सांगा बघू?" मानसीने विचारलं. "आम्ही बांगडा करायचा प्रयत्न केलाय."

"बांगड्याला अशी मोठी खवला नसतात. ही रावसाची हायत." तिचा हात फिरतच होता. "पन..."

"पण काय?"

"थांब." तिने हात उचलला, बोटं नाकाशी नेली, हुंगली, पुन्हा काचेवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी एकोणीस वर्षांत बघितला नव्हता. माशाला हात लावला आणि तिला त्याच्याबद्दल काही सांगता आलं नाही, असं कधी झालंच नव्हतं. "ताजा हाय का शिला, त्या कलत नाय. दाबला तर आत जात नाय, वर येत नाय. थंड पन नाय. मेलेला हाय का कधी जिता नव्हताच?"

मानसीने भराभर काहीतरी वहीत लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाली, "मावशी, ताजं बोटाला कसं लागतं ते मला सांगाल? शब्दांत?"

मथुराने अंगठा बोटांवर घासून बघितला. माझ्याकडे बघितलं.

"शब्दांत नाय येत," ती शेवटी म्हणाली. "पुढल्या सोमवारी रावस घेऊन येते. एक ताजा, एक कालचा. तू हात लाव."

मानसीने कॅलेंडरवर सोमवारला खूण केली. मथुरा तोवर पुन्हा काचेवर वाकली होती, डोळे मिटून, आणि तिचा हात त्या नसलेल्या माशाच्या शेपटीकडून डोक्याकडे सावकाश जात होता.